पहाटे विझणारा हीटर

आमचा हीटर दिवसभर शहाण्यासारखा चालायचा आणि पहाटे, नेमका जेव्हा हवा तेव्हा, मान टाकायचा. माझं डोकं फिरलं ते त्यामुळे. अरे, मोडायचं असेल तर सरळ मोड ना बाबा, म्हणजे तुला उचलून फेकून तरी देता येईल! पण नाही.

चालू केला की आधी पंखा घुरघुरायचा. मग आत टिक् टिक् ठिणगी पडायची, भप्प करून ज्योत पेटायची आणि पायाशी गरम वारा यायला लागायचा. मी म्हणायचे, चला, आज सुटलो. कॉफीचं आधण ठेवेपर्यंत तो वारा कोमट झालेला असायचा आणि कप काढेपर्यंत गार. ज्योत गेलेली, पंखा आपला वेड्यासारखा गार हवा फेकतोय. पुन्हा टिक् टिक्, पुन्हा भप्प, पुन्हा गार. असं दोन-तीनदा झालं की महाराज गप्प. ऊन चांगलं वर आलं की हाच हीटर पहिल्या ठिणगीला पेटायचा आणि बंद म्हणून पडायचा नाही. ऊन वर आल्यावर मला हीटर काय चाटायचाय?

आम्ही तेव्हा यूटामधल्या जुनिपर फ्लॅट नावाच्या उंचावरच्या कॅम्पात उतरलो होतो. मार्च महिना, तरी दाराशी ठेवलेली पाण्याची बादली रोज सकाळी गोठलेली असायची. विजेची जोडणी नसलेला साधा कॅम्प, त्यामुळे ऊब म्हणजे गॅसचा हीटर, दुसरं काही नाही. घर विकून आम्ही दोघं या ट्रेलरमध्ये राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. पुढे पिकअप, मागे ट्रेलर, आणि त्या ट्रेलरमध्ये आमचा सगळा संसार. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, उन्हाळा डाकोटाला लेकीच्या अंगणात, मधले दिवस वाटेत. लोक विचारतात, कंटाळा नाही येत? कसला कंटाळा! शेजारी पटला नाही तर घर गाडीला जोडायचं आणि निघायचं. हे सुख विटांच्या घरात कुठलं?

आणि माझा नवरा ऑरिन दुसऱ्याच गारठलेल्या सकाळी, हातात गार कॉफीचा कप घेऊन म्हणाला, ‘विकू या.’

‘काय, हीटर?’

‘ट्रेलर.’

मला वाटलं थट्टा करतोय. ऑरिन ट्वेट ट्रेलर विकणार? ज्या माणसाला चार दिवस एका जागी राहिलं की अंगाला खाज सुटते, तो?

‘वय झालं आपलं, व्हर्ना. हीटर धड चालत नाही. एखाद्या पहाटे दोघंही गारठून पडू आणि कुणाला कळणार नाही. सोल्वेग म्हणतेच आहे, तळघरातली खोली रिकामी आहे.’

‘लेकीच्या तळघरात? मी? मी काय बटाट्याचं पोतं आहे?’

तो हसला नाही. एरवी हसला असता. मी आणखी काही बोलेपर्यंत त्याने कॅम्पाच्या ऑफिसबाहेर फळ्यावर कार्डही लावून टाकलं होतं, आणि दुपारी एका जोडप्याचा फोन आला. शनिवारी जेवणाच्या सुमाराला येऊन बघतो म्हणाले, आणि पसंत पडला तर लगेच घेऊन जाऊ.

मी मनात हिशेब केला. नवऱ्याचं कारण काय, तर हीटर. हीटर दुरुस्त झाला की कारण संपलं. कारण संपलं की विक्री संपली. तेव्हा शनिवारच्या आत हा हीटर का विझतो ते मला शोधून काढायचंच होतं. माझं घर वाचवायचं होतं मला, उगाच कशाला लपवू.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली होती. ऑरिनने जन्मभर रेल्वेची इंजिनं उघडली. कुठल्याही यंत्राचं झाकण दिसलं की त्याच्या बोटांना चैन पडत नाही. आणि या वेळी तो खिशात हात घालून उभा. ‘आतलं सर्किट गेलं असेल,’ म्हणाला. ‘असेल’ म्हणाला! उघडून न बघता! मी म्हटलं, इथे काहीतरी पाणी मुरतंय. पण आधी हीटर, मग नवरा.

पहिला संशय बॅटरीवर. पंखा बॅटरीवर फिरतो. रात्रभरात बॅटरी उतरली की पंखा मंद होतो. आणि हीटरच्या पोटात पत्र्याचं एक पातळ पातं असतं, ते पंख्याच्या वाऱ्याने उचललं गेलं तरच गॅस सुटतो. वारा नाही तर गॅस नाही. बरीच वर्षं मी शाळेची बस चालवली आणि तिचा हीटर अनेकदा मीच खोललेला असल्यामुळे या भानगडी मला नव्या नाहीत. डाकोटातल्या मायनॉटच्या थंडीत पोरं मागे दात वाजवत बसलेली असताना मेकॅनिकची वाट कोण बघणार?

म्हणून पहाटे उठून पिकअपचं इंजिन चालू केलं, जाड वायरींनी त्याची बॅटरी ट्रेलरच्या बॅटरीला जोडली. पंखा असा जोरात फिरला की पडदे हलले. भप्प, गरम वारा, आणि मग पुन्हा गार. म्हणजे बॅटरी निर्दोष. वर शेजारच्या गाडीतून कुणीतरी ओरडलं, ‘इंजिन बंद करा, झोपू द्या!’ ते वेगळंच.

ऊन आल्यावर मी ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाची हीटरची जाळी काढली. आता आमच्या लोकांची एक गंमत सांगते. कॅम्पात तुम्ही आजारी पडा, दोन दिवस कुणाला पत्ता लागणार नाही. पण एखादं झाकण उघडा, स्क्रूड्रायव्हर हातात घ्या, की कॉफीचे मग घेऊन पुरुष जमलेच. चार पुरुष जमले आणि पाच मतं पडली. एक म्हणाला, धूर जायच्या नळीत गांधीलमाशीने घर केलं असणार, वाळवंटातून येणाऱ्यांचं नेहमीचंच. दुसरा म्हणाला, गांधीलमाशी येऊ नये म्हणून तुम्ही जी बारीक जाळी लावलीय ना, तिनेच हीटरचा श्वास कोंडतो. गंमत म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर होते. नळीत खरंच मातीचं घरटं निघालं, वाळलेलं, ओसाड. मी ते खरवडलं, जाळी फेकून दिली. पुरुष समाधानाने आपापल्या गाडीत परतले.

दुसऱ्या पहाटे हीटर विझला.

मग मी आतून उघडला. हवा खेचायच्या जागेसमोर ऑरिनच्या बुटांची टोपली होती, ती हलवली. जमिनीतल्या सगळ्या झडपा उघडल्या, कारण गरम हवेला बाहेर पडायला वाट नसली की हीटर आतल्या आत तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. ते पत्र्याचं पातं शोधलं, त्यावर गोधडीचे तंतू साचलेले, ते ब्रशने काढले. बोटं सोलवटली. ऑरिन खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होता.

‘अरे, बघतोस काय? टॉर्च तरी धर!’

त्याने टॉर्च धरली.

‘तुला काय वाटतं?’ मी विचारलं.

‘मला वाटतं, सोड आता.’

ज्या माणसाशी मी इतकी वर्षं संसार केला, त्याने यंत्रासमोर ‘सोड’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तसा तो आम्ही इथे आलो त्या दिवसापासूनच वेगळा वागत होता. आमच्याकडे सगळ्या जोडप्यांची एकच रीत आहे: नवरा चालवतो, आणि ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावताना बायको मागे उभी राहून हात करते. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, बस, थांब. आणि सगळा कॅम्प खुर्च्या टाकून ही करमणूक बघतो, कारण या वेळी भांडत नाही असं जोडपं अजून जन्माला यायचंय. आमची भांडणं तर प्रसिद्ध. पण या खेपेला मी डावीकडे हात केला आणि ऑरिनने ट्रेलर उजवीकडे घातला. पुन्हा केला, पुन्हा तेच. मी केवढ्यांदा ओरडले! तो उलटून ओरडलाच नाही. आरशातून नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी समजले दमलाय.

शुक्रवारी पहाटे हीटर विझला तेव्हा मी रागावलेही नाही. गोधडी गुंडाळून गॅसच्या शेगडीशी बसले. कॉफीचं पाणी उकळत नव्हतं. किती वेळ झाला तरी भांड्याच्या तळाशी नुसते बुडबुडे. मी वाकून बघितलं. शेगडीची ज्योत एवढीशी, वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्तीएवढी.

आणि मला एकदम आठवलं की रोज पहाटे कॉफीला असाच वेळ लागत होता. मी आपली थंडीला नावं ठेवत होते.

‘ऑरिन! अरे, हीटरला काहीच झालेलं नाही!’ मी ओरडले. ‘शेगडीही उपाशी आहे. गॅसच येत नाहीये!’

मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! चार दिवस मी ज्याच्या पोटात हात घालत होते तो बिचारा निरपराध होता. पांघरुणातून ऑरिन ‘हं’ म्हणाला.

मी कोट चढवून बाहेर गेले. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर आमचे दोन सिलिंडर असतात. चालू होता तो उचलून बघितला. जड. रिकामा नव्हे, अर्ध्याहून जास्त भरलेला. दुसरा ॲरिझोनातच संपला होता. म्हणजे गॅस आहे, पण येत नाही. आता हे काय नवीन?

समोरच्या व्हॅनमधला हॉलिस दात घासत बाहेर आला. हॉलिस साठीचा एकटा माणूस, हिवाळाभर मेक्सिकोत बाहाच्या किनाऱ्यावर पडून असतो आणि वसंतात वर येतो. स्वतःच्या विनोदांवर स्वतःच हसतो, पण माणूस सोन्यासारखा.

‘बाई, सिलिंडर उचलून व्यायाम करताय का?’

‘तुझ्याकडे जादा रेग्युलेटर आहे का रे?’

होता. लावून बघितला. ज्योत तेवढीच. मग हॉलिसने आपला सिलिंडर आणून आमच्या नळीला जोडला आणि मी आत पळाले. पंखा, टिक् टिक्, भप्प. गरम वारा. मी उभी राहिले. वारा गरमच. कॉफी उकळली, ओतली, प्यायले, तरी वारा गरम! मी दारातून ओरडले, ‘चालला! हॉलिस, तुझ्या गॅसवर चालला!’

हॉलिस मात्र आमच्या सिलिंडरपाशी उकिडवा बसला होता. सिलिंडरच्या खालच्या अंगाला बर्फाची पांढरी साय चढली होती.

‘जरा कोमट पाणी आणता? उकळतं नको हं, कोमट.’

मी भांडंभर पाणी आणलं. हॉलिसने आमचाच सिलिंडर परत जोडला आणि पाणी हळूहळू त्याच्या अंगावर सोडलं. आत शेगडीची मेणबत्ती बघता बघता वीतभर उठली. मी टाळ्या वाजवल्या, अगदी लहान मुलीसारख्या. पाणी गार झालं तशी ज्योत पुन्हा खाली बसली.

‘हा सिलिंडर पलीकडे भरलाय ना?’ हॉलिस म्हणाला.

‘कुठे पलीकडे?’

‘मेक्सिकोत. तिकडच्या गॅसमध्ये दोन जातींचं मिश्रण असतं. एक आपल्या गॅससारखा, कितीही थंडी पडो, उठून कामाला लागणारा. दुसरा उन्हाळ्यातला. उबेत बरा, पण पाणी गोठण्याइतकी थंडी पडली की तळाशी पांघरूण घेऊन पडतो, हलत नाही. कामसू आधी संपतो आणि आळशी मागे उरतो. सिलिंडर जडच्या जड, आणि घरात थंडी. बाहाहून वर येणारे सगळे एकदा तरी असे फसतात. मी पण फसलोय. त्या वर्षी तर होते नव्हते तेवढे सगळे कपडे अंगात घालून झोपायचो, कांद्यासारखा!’ असं म्हणून तो खो खो हसला.

मी हसले नाही. ‘आम्ही मेक्सिकोत गेलोच नाही. ॲरिझोनात, युमाला भरतो आम्ही. नेहमीच्या दुकानात.’

‘मग दुकानदाराने फसवलं म्हणा.’ तो माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला आणि एकदम थांबला. ‘बरं, माझा सिलिंडर राहू दे आज तुमच्याकडे,’ म्हणाला आणि टूथब्रश घेऊन निघून गेला.

मागे दारात ऑरिन उभा होता. पायात मोजे, अंगात कोट, आणि चेहरा असा की मला पुढे विचारायचं सुचेना.

विचारायचं काय राहिलं होतं तसं? फेब्रुवारीत मी सोल्वेगच्या बाळंतपणाला मायनॉटला गेले होते. ऑरिन एकटा युमाजवळ, सीमेला लागूनच, ट्रेलरमध्ये होता. गॅस त्या दिवसांत भरलेला. माझं डोकं भलतीकडेच धावलं, खोटं कशाला सांगू. सीमेपलीकडे एकटा पुरुष कशाला जातो? दात दाखवायला, तिकडे डॉक्टर स्वस्त. नाहीतर बाई बघायला. त्याचे दात तर जसेच्या तसे होते.

‘कोण आहे ती?’ मी विचारलं.

‘कोण ती?’ तो खरंच गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्या सगळ्यातही त्याला हसू आलं. ‘अगं वेडे, बाई असती तर बरं झालं असतं.’

आम्ही आत बसलो. हॉलिसच्या गॅसवर हीटर गुणी बाळासारखा चालला होता.

‘सिलिंडर भरायला निघालो,’ ऑरिन म्हणाला. ‘आपलं नेहमीचं दुकान. धान्याच्या कोठाराशी डावीकडे वळायचं. मी वळलो नाही. का नाही वळलो, मला माहीत नाही, व्हर्ना. गाडी चालली होती, ऊन छान होतं. मग बघतो तर सगळ्या पाट्या स्पॅनिश. मी कुठे आहे, कशाला आलोय, काही म्हणजे काही आठवेना. मागे सिलिंडर खडखडले तेव्हा कळलं, गॅस भरायला निघालो होतो. एक गॅसवाला दिसला, भरून घेतला. मला वाटलं, निदान काम तरी झालं.’

‘आणि परत?’

‘परत येताना नाक्यावर एक पोरगी होती. वर्दीतली. आपल्या सोल्वेगपेक्षा लहान. पासपोर्ट बघितला आणि विचारलं, आजोबा, कुठे गेला होतात? मला सांगता येईना. कशाला गेला होतात? तेही सांगता येईना. तिला वाटलं मी काहीतरी लपवतोय. बाजूला बसवलं, गाडी सगळी उघडून बघितली, कुत्रा फिरवला. मी बाकावर बसून आपला आठवतोय, आठवतोय. बऱ्याच वेळाने सगळं परत आलं. दुकान, वळण, तू, सगळं.’

‘मला फोन का नाही केलास?’

‘तूच केलास त्या दिवशी. म्हणालीस, गॅस भरलास का? मी म्हटलं, भरला.’

मला तो फोन आठवत होता. मी बाळाचं वजन सांगत होते त्याला.

‘इथे पहिल्याच पहाटे ज्योत बसली तेव्हा मला कळलं कशाने बसली ते,’ तो म्हणाला. ‘म्हटलं, हीटरवरच ढकलून देऊ. अगं, त्या दिवशी मागे ट्रेलर असता तर? शेजारी तू असतीस आणि मी कुठल्या तरी घाटात वळलो नसतो तर? इथे आलो तेव्हा मागे घेताना तू डावीकडे हात केलास. मला हात दिसत होता. डावीकडे म्हणजे कुठे, ते कळत नव्हतं. म्हणून विकू या म्हटलं.’

मी आधी चिडले. खरं तेच सांगते. ‘चार दिवस!’ मी ओरडले. ‘चार दिवस मी त्या पंख्याच्या पोटात हात घालून बसले, बोटं सोलवटून घेतली, घरटी खरवडली, आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? टॉर्च धरून बसला होतास माझ्यावर!’

‘छान धरली होती,’ तो म्हणाला.

मग मला रडू फुटलं. खूप रडले. भीती वाटली मला, अशी भीती बर्फात बस घसरली तेव्हाही वाटली नव्हती. त्याने माझं डोकं खांद्यावर घेतलं आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. कॉफी गार झाली, पण या वेळी हीटर चालू होता.

शनिवारी ते जोडपं वेळेवर आलं. तरुण, गोड माणसं. पोरीने येताना हातात मोजमापाची फीतही आणली होती. मी दारातच सांगितलं, ‘हीटर उत्तम आहे, गॅस वाईट होता. आणि ट्रेलर विकायचा नाही.’

‘पण फोनवर तर हे म्हणाले होते…’

ऑरिनने माझ्याकडे बघितलं. ‘व्हर्ना, आपलं ठरलं होतं.’

‘तुझं ठरलं होतं. विकायचं असेल तर तुझं ड्रायव्हरचं आसन वीक. आजपासून मी चालवणार.’

‘ट्रेलर मागे लावून तू कधी चालवलंयस?’

‘अरे, साठ पोरं भरून बर्फातून बस काढलीय मी! तुझा ट्रेलर निदान मागून डब्यातले गाजराचे तुकडे तरी फेकून मारत नाही. सोमवारी आधी डॉक्टर, मग सोल्वेगला फोन. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू. पण तळघरात जायचं ठरलंच तर चालत्या घरातून जायचं, घर विकून नाही.’

त्या पोरीने फीत हळूच पर्समध्ये ठेवली. मी त्यांना ॲपल पाय खायला घातला आणि वाटेला लावलं. ऑरिन ऑफिसकडे चालत गेला आणि फळ्यावरचं कार्ड काढून आला. येताना रस्ता चुकला नाही. मी खिडकीतून बघत होते.

दुपारी निघायचं ठरलं, खाली शहरात चांगला गॅस भरायचा आणि डॉक्टरच्या जवळपास राहायचं. हॉलिसचा सिलिंडर धुऊनपुसून त्याला परत दिला. आता पिकअप मागे घेऊन ट्रेलरच्या तोंडाशी नेमकी आणायची होती. इंचभर इकडे नाही की तिकडे. हॉलिसने लगेच खुर्ची बाहेर काढली. पलीकडच्या दोघांनीही काढल्या. मी चालवायला बसतेय म्हटल्यावर आणखी तिघं आले. नालायक मेले!

ऑरिन ट्रेलरपाशी उभा राहिला. मी आरशात बघितलं. त्याने हात वर केले, आणि काय सांगू, ते हात अगदी नेहमीचे होते, इंजिनं उघडणारे, ठाम. डावा, उजवा असलं काही बोललाच नाही तो. ज्या बाजूला मला यायचं त्या बाजूला स्वतःच पाऊल टाकून उभा राहायचा आणि हाताने बोलवायचा, ये, ये. मी त्याच्याकडे बघत मागे मागे जात राहिले. त्याने दोन्ही तळवे उभारले. मी थांबले. त्याने ट्रेलरचा दांडा खाली सोडला, ठक् आवाज झाला आणि जोड एका फटक्यात बसला. खुर्च्यांवरून टाळ्या आल्या, आणि हॉलिस ओरडला, ‘भांडण कुठाय? आम्ही भांडण बघायला बसलोय!’

ऑरिन हात पुसत आला आणि ड्रायव्हरचं दार उघडून उभा राहिला. मी आत बसलेली. तो माझ्याकडे बघत राहिला. ती जुनी सवय होती की विसर, मला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही कळलं नव्हतं.

‘पलीकडून ये,’ मी म्हटलं.

तो वळसा घालून आला, शेजारी बसला, पट्टा लावला. मी गाडी सुरू केली. कॅम्पाच्या फाटकापाशी तो म्हणाला, ‘व्हर्ना, समजा पुन्हा कुणी अडवलं. विचारलं, आजोबा, कुठे गेला होतात, कुठे निघालात. आणि मला नाहीच आठवलं, तर मी काय सांगू?’

रस्त्यावरून नजर न काढता मी म्हटलं, ‘सांग, बायकोला विचारा.’

‘बायकोला विचारा,’ त्याने म्हणून बघितलं. आणखी एकदा म्हणून बघितलं. मग खिडकीची काच थोडी खाली केली, आणि मी उजवीकडे वळले.